समोरच्या घरातली वाटी

१

चिंचआळीत दुपारी काही घडत नाही. ही तक्रार नव्हे, प्रशस्ती आहे. ठाण्यात आता अशी आळी शोधावी लागते, जिथे जेवणं झाली की ओटा पुसला जातो, पंखे फिरू लागतात आणि माणसं निमूट आडवी होतात. चिंच केव्हाच तोडली, आळी राहिली. दोन मजली, तीन मजली इमारती, गंजक्या ग्रिलमध्ये कोरफडीच्या कुंड्या, फाटकावर 'कुत्र्यापासून सावध' अशी पाटी. ज्या कुत्र्यापासून सावध राहायचं, तो मरूनही बरीच वर्षं झाली. खाडीच्या अंगाला मोठाले टॉवर उभे राहताहेत, पण त्यांचा आवाज आमच्यापर्यंत येईतो दमतो.

मी पाटबंधारे खात्यात कारकून होतो. आयुष्यभर पाणी कुठे मुरतं ते पाहिलं आणि गप्प बसलो. निवृत्तीनंतर वाचतो, झोपतो, आणि स्वयंपाकघरातून हाक आली की मीठ चाखायला जातो. हे शेवटचं काम मला लग्नापासून आहे. मालन, माझी बायको, भाजी होत आली की ओरडायची, "अहो, मीठ बघा जरा." मी बघायचो. माझं मत ऐकून घ्यायची आणि मग स्वतःला हवं तेच करायची. सरकारी नोकरीचा अनुभव असल्यामुळे मला हे जड गेलं नाही.

तिची स्वयंपाकाची एक तऱ्हा होती. उजव्या पायावर उभी राहायची आणि डाव्या पायाचा तळवा उजव्या पोटरीवर घासत असायची, बगळ्यासारखी. रस्सा चमच्याने चाखायची नाही. तळहातावर थेंब घ्यायचा, जिभेला लावायचा. आणि शेवटी डाव कढईच्या काठावर दोनदा आपटायचा. टण, टण. ते झालं की जेवण झालं, असं माझ्या पोटाला कळायचं. आळीत कोणाकडे काय शिजतंय हे सगळ्यांना वासाने कळत असे, पण मालनच्या वालाच्या बिरड्याचा वास आला की तळमजल्यावरच्या क्लाराबाई मुद्दाम वर येऊन आमच्याकडे पेपर मागत. त्यांच्याकडे पेपर येत होता.

हे सगळं मी इतक्या बारकाईने सांगतोय त्याला कारण आहे.

२

फाल्गुनातली दुपार. मी आडवा होतो, डोळा लागत होता, आणि बेल वाजली. चिंचआळीत दुपारी बेल वाजवणं म्हणजे देवळात शिट्टी मारणं. कुरिअरवालेसुद्धा हे शिकलेत.

मालनने दार उघडलं. दाराबाहेर कोणी नव्हतं. उंबऱ्याशी एक वाटी होती, वर ताटली झाकलेली. ताटली काढली तर आत वालाचं बिरडं, गरम, वर ओलं खोबरं.

आमच्या मजल्यावर दोनच घरं. आमचं आणि समोर शिवरामचं. शिवराम आणि त्याची बायको दोन पावसाळ्यांपूर्वी खडवलीला जाऊन राहिले. गावचं घर बांधलं, कोंबड्या पाळल्या, आता फोनवर कोंबड्यांबद्दलच बोलतात. समोरच्या लोखंडी जाळीच्या दाराला तेव्हापासून कुलूप.

"भाडेकरू आलेला दिसतोय," मालन म्हणाली. "बघा, कोणाला तरी रीत आहे अजून."

"कुलूप आहे की."

"वाटी ठेवून कामाला गेली असेल. आजकालच्या पोरी घरात बसतात का?"

तिने तळहातावर थेंब घेतला, चाखला. "बरं केलंय," ती म्हणाली. मालनने दुसऱ्या बाईच्या बिरड्याला बरं म्हटल्याचं मी प्रथमच ऐकत होतो. मी दोन घास खाल्ले. चव चांगली होती, आणि ओळखीची. एखादा माणूस बाजारात दिसावा, चेहरा माहीत असावा आणि नाव आठवू नये, तसं झालं.

वाटी मी उलटून पाहिली. आमच्या पिढीची भांडी नावावाचून राहत नाहीत. दुकानदार ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरून द्यायचा, त्याशिवाय भांडं घरी यायचं नाही. शेजारपाजारी, लग्नाकार्यात भांडी फिरतात, परत यायला हवीत. ही वाटी जुनी, जाड, चांगल्या वजनाची, आणि तिच्यावर कुठेही नाव नव्हतं. सहीशिवायचा अर्ज मी कधी पुढे सरकवला नाही. पण ते ऑफिस होतं. हे बिरडं होतं.

३

रिकामं भांडं परत करायचं नसतं. हे कोणी शिकवत नाही, पण महाराष्ट्रात जन्मलेली कुठलीही बाई हा नियम मोडणार नाही. काहीच नसलं तर चिमूटभर साखर घालायची. वाटी भरून आली, भरून जायला हवी.

मालनने साखर घातली नाही. तिने नारळाच्या वड्या केल्या. समोर शिवरामचं चपलांचं लाकडी कपाट अजून दाराबाहेर होतं, त्यावर वाटी ठेवून आली. बेल वाजवली, कोणी उघडलं नाही. संध्याकाळी मी भाजी आणायला निघालो तेव्हा कपाटावर वाटी नव्हती.

दोनचार दिवसांनी दुपारी पुन्हा बेल. पुन्हा वाटी. भरलं वांगं. मालनने त्यात परत सांजा भरला. मग आळूचं फदफदं आलं, मग टोमॅटोचं सार. दर वेळी मालन आधीपेक्षा मन लावून काहीतरी करायची. मला गंमत वाटत होती. न पाहिलेल्या बाईशी तिची स्पर्धा लागली होती आणि मधल्या मधे मी जेवत होतो.

सार पिताना मला ते आठवत नसलेलं नाव आठवलं.

"मालन," मी म्हणालो, "हे तुझं सार आहे."

"म्हणजे?"

"तुझ्यासारखं नाही. तुझं. जिऱ्याच्या फोडणीत तू शेवटी हिंग टाकतेस, आधी नाही."

"जगात मी एकटीच हिंग टाकते का? काहीही बोलता. निवृत्त माणसाला डोकं नसतं असं नाही, पण काम नसतं." ती हसली. मीही हसलो. ते तिचं मला आठवणारं शेवटचं धडधडीत टोमण्याचं वाक्य.

४

गुरुदत्त आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. तळमजल्यावरच राहतो. मी सहज विचारावं तसं विचारलं.

"कोण भाडेकरू, काका?" तो म्हणाला. "चावी माझ्या टीव्हीच्या बाजूला लटकलेय. शिवरामकाका गेले ते गेलेच. मी दिवाळीत एकदा वर गेलेलो, लाइट चेक करायला. कोणी नाय तिथे."

"मग वाटी कोण ठेवतं?"

"क्लारा आँटी असेल. म्हातारीला मस्करी सुचते कधी कधी."

"क्लाराबाई हल्ली तीन पायऱ्या चढल्या की चौथीवर बसतात."

"चला, बघून टाकू. तुम्हाला झोप लागायची नाय नायतर." त्याने चावी घेतली.

माणसं नसलेल्या घराला बंद कपाटाचा वास असतो. तो होता. बैठकीत सोफ्यावर चादरी, भिंतीवर फोटो काढल्याचे फिकट चौकोन, सगळ्यावर धूळ. गुरुदत्त मोबाइलच्या उजेडात पुढे. स्वयंपाकघरात सिलिंडर नव्हता, गॅसची नळी गाठ मारून टांगलेली. नळ फिरवला, तो नुसताच खाकरला.

"झालं समाधान?" गुरुदत्त म्हणाला. "चला, माझी मॅच चालू आहे."

मी ओट्यावर हात टेकला. कडप्प्याचा काळा दगड कोमट होता. नुकतंच भांडं उतरवून ठेवल्यासारखा, एकाच जागी.

ऊन येत असेल, मी स्वतःला सांगितलं. मी तर्काने चालणारा माणूस आहे. मग तर्काने मला आठवण करून दिली की या स्वयंपाकघराची खिडकी डक्टमध्ये उघडते आणि डक्टमध्ये इमारत बांधल्यापासून ऊन आलेलं नाही.

खाली पाहिलं. फरशीवर सगळीकडे धूळ होती. ओट्यासमोर मात्र थोडी जागा स्वच्छ होती. एका पावलापुरती. दुसरं पाऊल कुठे टेकलंच नव्हतं.

"काय झालं, काका?"

"काही नाही," मी म्हणालो. "मॅच बघ तू."

५

आमचं स्वयंपाकघर आणि समोरचं स्वयंपाकघर जिन्याच्या मागच्या बाजूला पाठीला पाठ लावून आहेत. मधे एक भिंत. शिवरामची बायको असताना तिकडची भांडी आम्हाला ऐकू यायची आणि आमची भांडणं त्यांना.

त्या आठवड्यात मी दुपारी पाणी प्यायला उठलो. मालन आत झोपली होती, कुशीवर, हाताची उशी करून. मी तांब्या उचलला आणि भिंतीपलीकडून आवाज आला.

टण, टण.

मी तांब्या तसाच धरून उभा राहिलो. पाइपचा आवाज असेल. जुने पाइप वाजतात. त्यावर मी अहवाल टाइप केलेले आहेत. मग तिकडे बांगड्या वाजल्या. मग कोणीतरी गुणगुणलं. मालन ज्या चालीवर गुणगुणते तिला गाणं म्हणता येत नाही. दोनच सूर, तेही एकमेकांशी न बोलणारे. त्या चालीची नक्कल कोणी करणार नाही, कारण कोणाला करावीशीच वाटणार नाही.

मी आत जाऊन पाहिलं. मालन झोपलेलीच होती. श्वास चालू होता. मी तिच्या हातातल्या बांगड्यांकडे बराच वेळ बघत बसलो. त्या हलल्या नाहीत.

त्या संध्याकाळी तिने आमटी केली. मी बाहेर वाट पाहत होतो. डाव आपटल्याचा आवाज आला नाही. तिने सरळ ताटं मांडली. मीठ बघायला हाक मारली नव्हती. आमटीत मीठ बरोबर होतं, तिखट बरोबर होतं, चिंच गूळ सगळं होतं. आणि तिला चव नव्हती. चांगली वाईट कुठलीच नव्हती. इस्पितळातल्या जेवणालासुद्धा एक चव असते, तिथली. ही आमटी कोणीच केलेली नव्हती.

६

मग मालन माझ्याशी सहमत होऊ लागली.

हे वाचून विवाहित वाचकांना हेवा वाटेल. मलाही पहिले दोन दिवस बरं वाटलं. मी म्हणालो, पंखा कमी करू का, ती म्हणाली, करा. मी म्हणालो, राजकारण आता संपलं, ती म्हणाली, हो ना. मुद्दाम म्हणालो, शेवग्याच्या शेंगेत काही राम नाही. ज्या शेंगेवरून तिने माझ्या सख्ख्या बहिणीशी वर्षभर अबोला धरला होता, तिच्याबद्दल ती म्हणाली, "तसंच असेल."

ओट्याशी ती आता दोन्ही पाय टेकवून उभी राहायची, शाळेतल्या कवायतीसारखी.

डॉक्टरांकडे नेलं. तपासण्या केल्या. डॉक्टर म्हणाले, सगळं उत्तम आहे, या वयात इतके चांगले रिपोर्ट दिसत नाहीत. मालन म्हणाली, "धन्यवाद." परत येताना रिक्षात मी तिचा हात धरला. तिने धरू दिला. एरवी म्हणाली असती, लोक बघताहेत, अक्कल आहे का.

वाट्या येतच होत्या. आणि त्यांतलं अन्न दिवसेंदिवस अधिक चांगलं होत होतं. मी ते खात होतो, हे लपवत नाही. घरात बायकोच्या हातची चव तेवढ्याच एका वाटीत उरली होती. परतफेड करताना मात्र मालन अजून जागी व्हायची. कंबर कसून काहीतरी करायची, वाटी काठोकाठ भरायची, आणि ती समोर ठेवून आली की खुर्चीत बसायची. दर वेळी थोडी अधिक वेळ. दर वेळी थोडी अधिक शांत.

"नको देऊ परत," मी म्हणालो. "नुसती ठेवून ये."

तेवढ्यापुरती तिच्या डोळ्यांत जुनी ठिणगी आली. "रिकामं भांडं? माझ्या घरातून?"

आपली बायको परत भांडली म्हणून मला रडू येईल असं मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याची टर उडवली असती.

७

अमृता, आमची मुलगी, बाळकुमला राहते, बाविसाव्या मजल्यावर. तिथे शेजारी एकमेकांना लिफ्टमध्ये भेटतात आणि मोबाइलवर भांडतात. रविवारी ती आली. मालनने जेवण केलं होतं. दुपारची वाटीही आलेली होती, कोलंबीचं खडखडलं. मी ती अमृताच्या ताटाशेजारी ठेवली, काही न बोलता.

तिने आधी ताटातली भाजी खाल्ली, घास चघळला आणि माझ्याकडे पाहिलं. "बाबा, स्वयंपाकाला बाई लावलीत का? सांगायचं तरी."

मालन ताटाकडे बघत होती.

अमृताने वाटीतलं खडखडलं भातावर घेतलं. एक घास खाल्ला आणि डोळे मिटले. "हं. हे बघा. हे आईचं. आई, किती दिवसांनी गं तुझ्या हातचं." तिने बोटं चाटली. "ती बाई काढून टाका बाबा. आईसारखं कोणाला येणारे?"

"छान झालंय ना," मालन म्हणाली, पाहुणीसारखी.

निघताना अमृता जिन्यात थांबली. "बाबा, आई ठीक आहे ना? मघाशी मी म्हटलं, तू थकलीस, थोडे दिवस चल माझ्याकडे. लगेच हो म्हणाली. माझ्या टॉवरला ती कबुतरखाना म्हणते ना?"

"म्हणायची," मी म्हणालो.

"मग नेऊ का?"

मी समोरच्या दाराकडे पाहिलं. जाळीला कुलूप होतं. आतून फोडणीचा वास येत होता. अमृताने तिकडे नाक वळवलं आणि हसली. "आईची मोहरी. जिन्यापर्यंत येते अजून."

आमच्या स्वयंपाकघरातला गॅस तेव्हा बंद होता. मी तिला एवढंच म्हटलं की पुढच्या आठवड्यात बघू. काय न्यायचं आणि काय इथे राहील, हे मला कळत नव्हतं.

८

क्लाराबाई दुपारी झोपत नाहीत. त्यांचा नवरा अल्फान्सो गेल्यापासून त्या दारात खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याची दखल घेतात. मी त्यांच्यासमोर पायरीवर बसलो आणि सगळं सांगितलं. हसतील असं वाटलं. त्या हसल्या नाहीत.

"तुझे बायकोचे बिरड्याचा वास हल्ली तुझे घरातून येत नाय, त्या बाजूने येते," त्या म्हणाल्या. "मी बोलले, माझा नाकच म्हातारा झाला."

"काय करू, क्लाराबाई?"

"आमच्यात पण हायच ते. रिकामा भांडा कोणाचे घरी जात नाय. माझे आईने एकदाच धाडलेला, मावशीकडे. धुऊन, पुसून, रिकामा. मावशी समजली. मरेपर्यंत दोघी बोलल्या नाय."

"म्हणजे संबंध तोडायचा असेल तर."

"तोडायचा असेल तर." त्यांनी रुमालाने चष्मा पुसला. "पण भाऊ, दोरी तोडताना बघ हां, कंचा टोक आपले हातात ऱ्हाते ते."

मला ते त्या वेळी सुविचारासारखं वाटलं. सुविचारांवर माझा राग आहे. ऑफिसच्या फळ्यावर रोज एक लिहायचं काम माझ्याकडे होतं. मला फक्त मालन परत हवी होती, भांडणारी. वाटीचं जाणं थांबलं की मालनचं जाणंही थांबेल, इतका सरळ हिशेब होता.

९

दुसऱ्या दिवशी वाटी आली ती मी कोणाला न दाखवता मोरीत रिकामी केली. आत काय होतं ते पाहिलं नाही. घासली, पुसली. मालन खुर्चीत बसली होती.

"मी देऊन येतो," मी म्हणालो.

"बरोबर आहे," ती म्हणाली.

दुपार होती. आळीत कुकरची शेवटची शिट्टीही होऊन गेलेली. मी चार पावलं चालून समोर गेलो. जाळीला कुलूप होतं तसं होतं. पण आतलं लाकडी दार हातभर उघडं होतं.

तिथून बोळ दिसतो आणि बोळाच्या टोकाला स्वयंपाकघराचा तुकडा. तिथे उजेड होता. पिवळा, ऊबदार, आमच्या जुन्या बल्बसारखा. आम्ही ट्यूब लावण्याआधी होता तो. वाफ होती. वाफेत एक बाई पाठमोरी उभी होती. मी साडी ओळखली नाही. साड्या मला कधीच ओळखता आल्या नाहीत. मी तिचा पाय ओळखला. डावा तळवा उजव्या पोटरीवर सावकाश घासला जात होता.

तिने तळहात तोंडाशी नेला. डाव कढईवर आपटला. टण, टण.

"ठेवा तिथे," ती न वळता म्हणाली. "आणि मीठ बघा जरा, या. उगाच दारात उभे राहू नका चौकीदारासारखे."

इतक्या दिवसांत मला कोणी असं बोललं नव्हतं. माझं पाऊल उचललं गेलं होतं. जाळी मधे नसती तर मी आत गेलो असतो, हे मला स्वच्छ सांगायला हवं. पण हाताला आधीच हुकूम दिलेला होता आणि कारकुनाचा हात दिलेला हुकूम पाळतो. जाळीच्या खालच्या फटीतून मी वाटी आत सरकवली. फरशीवर ती फिरली आणि थांबली. भरल्या वाटीचा आवाज वेगळा असतो, रिकाम्या वाटीचा वेगळा. तो आवाज बोळातून आत गेला.

तळवा पोटरीवर थांबला. मग तो पाय हळूच खाली आला आणि फरशीवर टेकला. तिने मान थोडी वळवली. गालाची कड दिसली, कानातली कुडी दिसली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने वाटीकडे पाहिलं.

"बरं," ती म्हणाली.

ते 'बरं' मला माहीत आहे. अमृताच्या लग्नात मी मालनच्या भावाचा अपमान केला तेव्हा ऐकलं होतं, आणि त्याआधी एकदा. त्यात राग नसतो. राग परवडतो. त्या 'बरं'नंतर घरात कितीतरी दिवस कोणी कोणाला हाक मारत नाही.

"मालन," मी म्हणालो. "मालन, थांब."

कोणीतरी गॅसची कळ फिरवावी तसा उजेड गेला. बोळ काळा झाला. मी जाळी हलवली. कुलूप वाजलं. आतून बंद कपाटाचा वास आला.

मी घरी आलो. खुर्चीतल्या बाईने मान वर केली.

"दिलीत?"

"दिली."

"छान केलंत," ती म्हणाली. मालनने जन्मात मला असं म्हटलेलं नाही.

१०

त्यानंतर वाटी आली नाही. भिंतीपलीकडे काही वाजत नाही. गुरुदत्तने माझ्या हट्टापायी समोरचं दार पुन्हा उघडलं. ओटा गार होता आणि ओट्यासमोरची जागाही धुळीने भरली होती. वाटी तिथे नव्हती. "काका, तुम्ही थोडे दिवस अमृताकडे जा ना," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच मॅचचं नाव काढलं नाही.

मी स्वयंपाक शिकतोय. या वयात माणसं भजन शिकतात. वाल भिजवायचे, मोड आणायचे, एकेक सोलायचा. बिरडं म्हणजे बायकांनी पुरुषांना दिलेली केवढी मोठी सूट होती हे आता कळतंय. क्लाराबाई खालून ओरडून सूचना देतात. हिंग मी शेवटी टाकतो. तळहातावर थेंब घेऊन चाखतो. डाव आपटतो. आमच्या घरातली बाई खुर्चीत बसून हे पाहते आणि विचारलं तर म्हणते, चांगलं झालंय.

जमलं असं वाटलं त्या दिवशी मी फडताळातली लग्नातली वाटी काढली. तिच्यावर ठिपक्यांनी कोरलेलं आहे, 'सौ. मालन'. ती काठोकाठ भरली, ताटली झाकली आणि समोरच्या चपलांच्या कपाटावर ठेवली. बेल वाजवली. दुसऱ्या दिवशी तिला मुंग्या लागल्या होत्या. मी ती घासून पुन्हा भरली. असं मी किती वेळा केलं ते मोजलेलं नाही. आळीतले लोक जिन्यात मला वाट देऊ लागले. अमृता रोज फोन करते आणि रोज न्यायला येते म्हणते. मी तिला थांबवतो. उत्तर यायचं आहे, एवढंच सांगतो.

काल संध्याकाळी कपाटावर वाटी नव्हती. मला झोप आली नाही. आनंदाने, असं मी म्हणेन.

आज दुपारी बेल वाजली.

मी धावलो. दाराबाहेर कोणी नव्हतं. उंबऱ्याशी आमचीच लग्नातली वाटी होती, वर ताटली. उचलली तेव्हाच हाताला कळलं, पण मी ताटली काढली. आत काही नव्हतं. चिमूटभर साखरही नव्हती. घासून, पुसून, लखलखीत केलेली वाटी, तळाशी माझा चेहरा. मी ती फिरवली आणि नावाच्या जागी अंगठा नेला. अंगठा कुठेही अडला नाही. सगळी गुळगुळीत होती.

मागून आमच्या घरातली बाई आली. तिने माझ्या हातातून वाटी घेतली, आत पाहिलं आणि ती नीट जाऊन मांडणीवर ठेवली.

"रिकामीच आहे," ती म्हणाली. "बरं झालं, घासायला नको."